बिघाड कुठे आहे, ते आधी सांगा

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात एक खटला चालू होता. आरोपी सात वर्षांची, फिर्यादी चौदा वर्षांचा आणि न्यायाधीश मी. आरोपीने लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फिर्यादीच्या व्हिडिओ गेमचा रिमोट दिवाणावरून फरशीवर पाडला आणि तेव्हापासून तो बिघडला, असा आरोप होता. पाडल्याचे आरोपीने लगेच कबूल केले होते. त्यामुळे निकाल द्यायला मला फारसा वेळ लागला नाही. ‘यापुढे दादाच्या वस्तूला हात लावायचा नाही,’ एवढीच शिक्षा मी सुनावली. ती मान खाली घालून ‘हो आजोबा’ म्हणाली आणि पुढचे तीन महिने तिने खरोखरच त्या वस्तूकडे पाहिलेसुद्धा नाही.

माझा तो निकाल साफ चुकीचा होता. तो कसा चुकला, याची हकीकत तशी किरकोळ आहे. पण त्यातून जे लक्षात आले ते आपल्या सगळ्यांच्याच घरांना लागू आहे असे मला वाटते, म्हणून ती सविस्तर सांगतो.

नातू त्या वस्तूला कंट्रोलर म्हणतो. आम्ही बाकीचे सगळे रिमोटच म्हणतो, कारण त्याच्या बापाच्या लहानपणी, टीव्हीला जोडायच्या त्या कॅसेटवाल्या खेळालाही आम्ही रिमोटच म्हणत होतो. त्या जुन्या रिमोटला नुसती बटणे असत. आताच्या रिमोटवर अंगठ्यांखाली दोन बुटक्या कांड्या असतात. डावी कांडी ढकलली की पडद्यावरचा खेळाडू चालतो, उजवी फिरवली की तो इकडेतिकडे पाहतो. आमच्या रिमोटला झाले होते असे की, कोणी हात लावलेला नसतानाही खेळाडू आपणहून उजवीकडे चालू लागे आणि थेट मैदानाच्या कडेला जाऊन भिंतीला धडका देत राही.

नवा रिमोट घ्यायचा तर पाच-सहा हजारांच्या घरात जाणार. म्हणून मी तो शहरातल्या एका दुकानात दुरुस्तीला नेला. काउंटरवर गर्दी होती. मालकाने रिमोट हातात घेऊन उलटासुलटा केला, कागदाच्या कपट्यावर माझा फोन नंबर लिहून तो त्याला चिकटवला आणि ‘चार दिवसांनी या’ म्हणून सांगितले. काय होते आहे, कधी होते, कोणत्या बाजूला होते, हे त्याने विचारले नाही. मीही सांगितले नाही. चार दिवसांनी गेलो, तर त्याने रिमोटचा दिवा लावून दाखवला, नऊशे रुपये घेतले आणि ‘रिपेरिंग ९००’ एवढे दोनच शब्द लिहिलेला चिटोरा हातात दिला.

घरी आलो. नातवाने खेळ सुरू केला. खेळाडू उठला आणि उजवीकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात. ‘काका, आम्ही पार्ट बदललाय,’ मालक म्हणाला. ‘आता घरात पोरं आपटत असतील, तर त्याला आम्ही काय करणार?’

हे ऐकून मला राग यायला हवा होता. खरे सांगायचे तर मला ते पटले. घरात एक पडलेला रिमोट आणि एक पाडणारी मुलगी होतीच. घरी येऊन मी सर्वांसमक्ष म्हणालो, ‘दुकानदारही तेच म्हणतोय.’ नात तिथेच बसून चित्र रंगवत होती. तिने खडू डब्यात भरले आणि ती आत गेली.

त्या रात्री मला आठवण झाली ती आमच्या विहिरीवरच्या मोटरची.

माझे लहानपण राहुरी तालुक्यात गेले. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर होती आणि विजेचा भरवसा नव्हता. एका उन्हाळ्यात मोटर जळाली. मळ्यातला सालगडी मोटर चालू ठेवून झोपला, म्हणून ती जळाली, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. वडील त्याला बोलले. तोही गप्प राहिला, कारण झोप लागली होती हे खरेच होते. मोटर बैलगाडीत घालून भरायला नेली. आमच्याकडे मोटर ‘भरतात’. जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याला तोच शब्द आहे. भरणाऱ्या मिस्त्रीने मोटर खोलली, आत पाहिले आणि वडिलांना हाक मारली. ‘हे बघा,’ तो म्हणाला. काही वेटोळी कोळशासारखी काळी पडली होती आणि त्यांच्या मध्येच काही अगदी लखलखीत राहिली होती. ‘सगळी सारखी काळी असती, तर मोटरवर बोजा आला म्हटलं असतं. ही वाटून जळालीत. तीन फेजमधली एक गेली होती, मोटर उरलेल्या दोनवर ओढत राहिली. तुमचा गडी जागा असता तरी काय करणार होता?’

विजेच्या तीन फेजपैकी एक तुटली की चालती मोटर लगेच बंद पडत नाही. उरलेल्या दोन फेजमधून ती जास्त वीज ओढते, तापते आणि ठरावीक वेटोळीच जळतात. ही खूण तालुक्याच्या गावातला कोणताही मोटर भरणारा आजही वाचू शकतो. पण खरी गोष्ट पुढे आहे. जळालेली तार मिस्त्रीने गोणपाटात बांधून वडिलांच्या स्वाधीन केली आणि नवी तार किती लागली तेही तोलून दाखवले. घरी आल्यावर वडिलांनी गड्याला चहाला बोलावले. माफी वगैरे मागायची पद्धत नव्हती, पण गडी काय ते समजला.

त्या मिस्त्रीने मोटर भरली, त्याचे त्याला पैसे मिळाले. पण बिघाड कशाने झाला ते सांगून त्याने एका गरीब माणसाच्या डोक्यावरचा आळ उतरवला, त्याचे वेगळे पैसे त्याने घेतले नाहीत.

रविवारी सकाळी मी नातवाला म्हणालो, ‘चल, आपण आधी बिघाड शोधू. दुरुस्तीचं नंतर बघू.’ त्याला यातले माझ्यापेक्षा जास्त कळते. मला फक्त एक गोष्ट कळत होती. शंका एकेक करून काढायच्या आणि काय केले ते वहीत लिहायचे. ज्यांच्या घरी असा रुसलेला रिमोट आहे, त्यांना उपयोगी पडेल म्हणून तो क्रम देतो.

पहिला प्रश्न असा की, दोष रिमोटमध्ये की खेळाच्या यंत्रात? नातवाने मित्राचा रिमोट आणून जोडला. खेळाडू शांत उभा राहिला. म्हणजे यंत्र सुटले. दुसरा प्रश्न बिनतारी जोडणीचा. केबल लावून पाहिली, पण काही फरक पडला नाही. इथे एक गोष्ट मला नवी कळली. काही केबली नुसते चार्जिंग करतात, त्यांत माहिती नेणाऱ्या तारा नसतातच. तेव्हा केबल लावूनही रिमोट ओळखला जात नसेल तर आधी केबल बदलून पाहावी. तिसरी गोष्ट म्हणजे रिमोटच्या पाठीवर एक बारीक भोक असते. त्यात टाचणी घालून आतले बटण काही सेकंद दाबले की रिमोट मूळ स्थितीला येतो. तेही केले. मग यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन रिमोटचे सॉफ्टवेअर ताजे केले. खेळाडू चालतच राहिला.

मग नातवाने रिमोट संगणकाला जोडला. कांडी कुठे आहे ते तिथे आकड्यात दिसते. मधोमध असेल तर शून्य, एका टोकाला उणे एक, दुसऱ्या टोकाला अधिक एक. उजव्या कांडीचे आकडे शून्याला चिकटून होते. डाव्या कांडीचा आडवा आकडा मात्र हात न लावता ०.१८. कांडी ढकलून सोडली की ०.१२, पुन्हा सोडली की ०.२१. दर वेळी वेगळा. मी वहीत लिहिले: ‘डावी कांडी, आडवी दिशा, मध्यावर येत नाही.’ तीन महिने चाललेल्या खटल्यातला हा पहिला पुरावा.

आता हे कशाने होते? ज्यांनी जुना रेडिओ वापरला आहे त्यांना चटकन समजेल. आवाजाचे बटण बरीच वर्षे फिरवले की ते खरखर करू लागते. त्या बटणाच्या आत कार्बनचा लेप दिलेली एक पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची एक जीभ घासत जाते. जीभ कुठे टेकली आहे त्यावरून आवाज किती ते ठरते. घासून घासून लेप झिजतो आणि खरखर सुरू होते. रिमोटच्या प्रत्येक कांडीखाली अशाच दोन चिमुकल्या पट्ट्या असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या हालचालीसाठी. हजारो वेळा घासल्यावर मधल्या भागातला लेप झिजतो, आणि अंगठा काढून घेतला तरी कांडी सरकलेलीच आहे असे यंत्राला वाटत राहते. या दुखण्याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. सर्वांत जास्त वापरली जाते ती डावी कांडी, कारण चालणे तिच्यावर असते. स्पिरिटसारख्या द्रावाने पट्टी साफ केली, तर कधी कधी चार दिवस बरे वाटते. मधल्या थोड्या हालचालीकडे दुर्लक्ष कर, असे काही खेळांना सेटिंगमधून सांगताही येते. पण दोन्ही उपाय दुखणे झाकणारे. झिजलेला लेप परत येत नाही.

म्हणजे फरशीवर एकदा पडण्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. पडल्याने कांडी मोडली असती, कवच तडकले असते. इथे झीज झाली होती आणि ती झाली होती फिर्यादीच्याच अंगठ्याने, रोज संध्याकाळी, दोन वर्षे. हे मी बोलून दाखवण्याआधीच नातवाच्या लक्षात आले. त्याचे कान लाल झाले.

हा प्रकार आमच्याच घरात घडला असेही नाही. निन्टेन्डो या जपानी कंपनीचे ‘स्विच’ हे यंत्र २०१७ साली बाजारात आले आणि त्याच्या रिमोटच्या कांड्या आपोआप सरकतात अशा तक्रारी जगभर सुरू झाल्या. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेले. २०२० च्या जूनमध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी भागधारकांच्या सभेत ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. २०२३ मध्ये युरोपातल्या ग्राहकांना, हमीची मुदत संपली असली तरी, ही दुरुस्ती फुकट करून देण्याचे कंपनीने मान्य केले. त्या मधल्या वर्षांत किती घरांतल्या किती मुलांनी ‘तूच आपटला असशील’ हे ऐकून घेतले असेल, कोण जाणे!

यावर तोड नाही असेही नाही. चुंबक जवळ आले की विजेत फरक पडतो, हे एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ मध्येच दाखवून दिले होते. या तत्त्वावर केलेल्या कांडीत काही घासतच नाही, त्यामुळे त्या जागी झीज नाही. सेगा कंपनीने १९९८ मध्ये आणलेल्या ‘ड्रीमकास्ट’च्या रिमोटमध्ये चुंबकाचीच कांडी होती. विजेवर चालणाऱ्या बहुतेक स्कूटरींच्या मुठीतही हीच युक्ती असते. तरीही खेळांच्या रिमोटमध्ये कार्बनची पट्टी अजून मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

पण मग दुकानदाराने ‘पार्ट बदलला’ तो कोणता? आम्ही बारीक फुलीच्या पेचकसाने रिमोट खोलला. हिरव्या पट्टीच्या मागच्या अंगाला एकेका कांडीचे चौदा टाके असतात, म्हणजे चौदा ठिकाणी सोल्डरिंग. एका कांडीचे टाके जुने, मळकट. दुसरीचे ताजे, चकचकीत आणि भोवती सोल्डरिंगची पिवळसर चिकट राळ. काम झाले होते. दुकानदार खोटे बोलला नव्हता. पण ताजे टाके होते उजव्या कांडीचे.

नातवाने पट्टी उलटी धरली आणि हसू लागला. ‘आजोबा, पट्टी पालथी केली की डावं उजवं होतं!’ सोल्डरिंग करायचे ते पट्टी पालथी घालून. काम करणाऱ्याला कोणी तरी तोंडी ‘डावी’ म्हणून सांगितले असेल किंवा काहीच सांगितले नसेल. त्याने समोर डावीकडे दिसली ती, म्हणजे प्रत्यक्षातली उजवी, चांगली कांडी काढून तिथे नवी बसवली. चौदा टाके उकलून पुन्हा घालणे हे कसबाचे काम. ते त्याने नीट केले होते, फक्त ते भलत्या ठिकाणी झाले होते.

सोमवारी मी चौथ्यांदा दुकानात गेलो. या वेळी वहीतले पान फाडून नेले होते. त्यावर डाव्या कांडीचे आकडे होते, उजव्या कांडीचे आकडे होते आणि नातवाने काढलेले चित्र होते. मालक गिऱ्हाइकात होता. मी आतल्या बाजूला काम करणाऱ्या मुलापुढे पान ठेवले. असेल अठरा-एकोणीस वर्षांचा. त्याच्या टेबलावर उघडलेल्या वस्तूंचा ढीग होता आणि कुठल्याही वस्तूवर फोन नंबराशिवाय काही लिहिलेले नव्हते. त्याने पान वाचले, पट्टी पालथी धरून पाहिली आणि जीभ चावली. ‘काका, माझीच चूक. बसा अर्धा तास.’ अर्ध्या तासात त्याने डावी कांडी बदलली, संगणकावर दोन्हीकडचे शून्य दाखवले आणि झिजलेली कांडी न मागता माझ्या हातात दिली. ‘असं लिहून कोणी देतच नाही हो,’ तो म्हणाला. मालकानेही वरचे पैसे घेतले नाहीत.

परत येताना माझ्या मनात आले, मी ते पान न नेता आरडाओरडा करायला गेलो असतो तर? मालकाने या पोरालाच झापले असते. आमच्या घरी नात, मळ्यात गडी आणि दुकानात हा पोरगा. बिघाड शोधला नाही की दोष जागेवर राहत नाही. तो उतरत उतरत सगळ्यांत खालच्या, उलट न बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसतो.

म्हणून मला दुरुस्ती करणाऱ्यांना आणि करून घेणाऱ्यांना एकेक गोष्ट सांगायची आहे.

दुरुस्ती करणाऱ्यांनी कामाआधी बिघाड कोणता ते गिऱ्हाइकाला विचारावे, तपासून काय आढळले ते पावतीवर लिहावे आणि काढलेला जुना भाग परत द्यावा. यात फार वेळ जात नाही. गर्दीच्या दुकानात तर हे जास्त हवे, कारण चाळीस वस्तूंमध्ये कोणाची डावी आणि कोणाची उजवी हे कोणाच्या लक्षात राहणार? शिवाय कायदाही याच बाजूचा आहे. २०२० च्या जुलैपासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सेवा देणाऱ्याने गरजेची माहिती जाणूनबुजून दडवणे ही सेवेतली त्रुटी धरली आहे आणि रीतसर पावती न देणे ही अनुचित प्रथा मानली आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा यातले काहीही नव्हते. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळही सुरू केले. वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे, याचे गुण तिच्यावर छापण्याची सक्ती फ्रान्सने काही वस्तूंसाठी २०२१ पासूनच केली आहे. आपल्याकडेही तसा विचार चालू आहे. पण नऊशे रुपयांसाठी आयोगाची पायरी कोण चढणार? कायदा शेवटी कामी येतो. पावतीवरची एक ओळ पहिल्या दिवशीच कामी येते.

आता करून घेणाऱ्यांविषयी, म्हणजे माझ्याविषयी. डॉक्टरांनी तपासून ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगितले तरी आपण मुकाट्याने फी देतो. मेकॅनिकने तासभर तपासून ‘यात काही बिघाड नाही’ म्हटले, तर आपण ‘मग पैसे कसले?’ म्हणून विचारतो. तपासण्याचे पैसे आपण देत नाही, म्हणून तो तपासत नाही; अंदाजाने एखादा भाग बदलतो आणि त्याचे पैसे लावतो. तपासणीचे शंभर-दीडशे रुपये मी पहिल्या दिवशी आपणहून देऊ केले असते आणि बिघाड नीट सांगितला असता, तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या. ‘वेळ कोणाला आहे?’ असे कोणी म्हणेल. चार फेऱ्यांना वेळ होता, दोन वाक्ये बोलायला नव्हता, हा माझा हिशोब मलाच लाजवणारा आहे.

त्या संध्याकाळी मी न्यायालय पुन्हा भरवले. झिजलेली कांडी ताटलीत ठेवली आणि नातीला बोलावले. तिच्या आतली घासलेली पट्टी भिंगातून दाखवली. ‘हे पडल्यामुळे झालेलं नाही. आजोबांचं चुकलं,’ म्हणालो. तिने भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहिले. ‘मग मी पाडला तेव्हा तो मोडला नव्हता?’ तिने विचारले. ‘नव्हता,’ दादाच म्हणाला आणि त्याने रिमोट तिच्या हातात दिला.

तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि आधी दिवाणावरून खाली उतरून फरशीवर मांडी घातली.